आईवडील हयात असलेली मुले अनाथालयात का?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आणि समाजमाध्यमांवर एका नव्या प्रकारच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. नेपाळ, कंबोडिया किंवा केनिया येथील एखाद्या अनाथालयात दोन आठवडे राहायचे, तेथील मुलांना इंग्रजी शिकवायचे, त्यांच्याशी खेळायचे, उरलेल्या दिवसांत पर्यटन करायचे आणि परतताना प्रमाणपत्र घेऊन यायचे, असे या सहलींचे स्वरूप असते. परदेशी विद्यापीठात प्रवेश घेताना हे प्रमाणपत्र उपयोगी पडते, हेही जाहिरातीत न विसरता छापलेले असते. माझ्या परिचयातील दोन कुटुंबांनी आपल्या मुलांना अशा सहलीला पाठवावे का, असे मला विचारले, कारण पतीच्या नोकरीनिमित्त काठमांडू खोऱ्यात राहत असताना मी तेथील एका बालगृहात बराच काळ विनावेतन गणित शिकवत असे. त्या कुटुंबांना जे सांगितले ते इतर पालकांच्याही कानावर जावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या बालगृहातील बहुतेक मुले अनाथ नव्हती. ही एका संस्थेपुरती गोष्ट असती तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते; पण युनिसेफने नेपाळमध्ये केलेल्या पाहणीत बालगृहांतील किमान ८५ टक्के मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असल्याचे आढळले, आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने २००९ मध्ये जगभरातील संस्थांचा आढावा घेतला तेव्हाही पाचपैकी चार मुलांच्या बाबतीत हेच दिसून आले. नेपाळमधील बालगृहे कोणत्या जिल्ह्यांत आहेत ते पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. देशातील अत्यंत गरीब जिल्हे कर्णाली प्रांतात आणि सुदूर पश्चिमेला आहेत, बालगृहांची दाटी मात्र काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा शहर ज्यात येते तो कास्की आणि राष्ट्रीय उद्यानासाठी प्रसिद्ध असलेला चितवन या जिल्ह्यांत आहे. म्हणजे जेथे पर्यटक जातात, तेथेच अनाथालये आहेत.

माझ्या वर्गातील बरीच मुले हुम्ला जिल्ह्यातून आलेली होती. हा जिल्हा नेपाळच्या वायव्य टोकाला, तिबेटच्या सीमेला लागून आहे. सिमीकोट या जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर नेपाळगंजहून छोटे विमान पकडायचे, नाहीतर कित्येक दिवस डोंगर तुडवायचे, अशी तेव्हा स्थिती होती. १९९६ ते २००६ या काळात माओवादी संघर्ष पेटला असताना घरटी एक मूल पक्षाला द्या, असा तगादा अनेक गावांत लागला होता, आणि नेमक्या त्याच वेळी गावोगाव फिरणाऱ्या दलालांनी आईवडिलांना सांगायला सुरुवात केली की, मुलाला काठमांडूच्या बोर्डिंग शाळेत घालतो, तिथे तो सुरक्षित राहील आणि शिकून मोठा होईल. कोणी जनावर विकले, कोणी जमीन गहाण टाकली, आणि मुलांना दलालांच्या हवाली केले. मुले खोऱ्यात पोहोचली. पुढे त्यांच्यापैकी अनेकांच्या नावावर आईवडील मृत वा बेपत्ता असल्याचे खोटे कागद तयार झाले. हा कागदांचा घोळ इतका वाढला की २०१० मध्ये अमेरिकेसह अनेक देशांनी नेपाळमधून मुले दत्तक घेणे थांबवले. २०१५ च्या भूकंपानंतर तेच पुन्हा घडेल या भीतीने नेपाळ सरकारने पालकांवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई केली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. भूकंपाच्या धामधुमीतही सरकारला हा निर्णय तातडीने घ्यावासा वाटला, यावरून धोका किती खरा होता ते ध्यानात यावे.

मी जेथे शिकवत असे ते बालगृह त्या मानाने बरे होते, हे आवर्जून सांगायला हवे. दोन वेळचे डाळभात वेळेवर मिळत, शाळेची फी भरली जाई, कोणी मुलांवर हात उचलल्याचे मी पाहिले नाही. देणगी वाढावी म्हणून मुलांना मुद्दाम फाटके कपडे घालणाऱ्या संस्थांविषयी खोऱ्यात उघडपणे बोलले जाई. ही संस्था तशी नव्हती. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते वाईट संस्थेबद्दलचे गाऱ्हाणे समजू नये. पोटभर अन्न, अंगावर धड कपडा आणि शाळा एवढे सगळे देऊनही चांगल्या संस्थेला मुलाला काय देता येत नाही, ते तेथे रोज दिसत असे.

दर पंधरा-वीस दिवसांनी परदेशी पाहुण्यांची नवी तुकडी येई. मुले फाटकाशी धावत जात, हात धरत आणि तासाभरात लहानगी मुले मांडीवर चढून बसत. पाहुणे अगदी हरखून जात. ‘किती प्रेमळ मुले आहेत’ हे वाक्य मी अनेक देशांच्या उच्चारांत ऐकले आहे. मुलांचे ठरलेले तीन प्रश्न असत: नाव काय, देश कोणता आणि परत कधी जाणार? तिसऱ्याचे उत्तर मिळाले की मोठी मुले आपापल्या कामाला लागत, धाकटी तशीच चिकटून राहत. मग पाहुणे डोके, खांदे, गुडघे दाखवत म्हणायचे ते प्रसिद्ध इंग्रजी बालगीत शिकवायला घेत. प्रत्येक तुकडी हेच गीत शिकवून गेल्यामुळे मुलांना ते झोपेतही म्हणता आले असते, तरीही दोन-तीन हुशार मुले मुद्दाम गुडघ्याऐवजी कोपराला हात लावत, म्हणजे शिकवणाऱ्याला शिकवल्याचे समाधान मिळावे! यजमानपण सांभाळण्याची ही रीत आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी आपल्या आपण शोधून काढली होती. त्या वयाच्या मुलांवर मोठ्या माणसांचे मन राखण्याची जबाबदारी येऊन पडावी, हे काही बाळपण नव्हे.

या लाघवीपणाचा खरा अर्थ रुमेनियातील मुलांवर झालेल्या संशोधनामुळे कळतो. तेथे कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. लोकसंख्या वाढवण्याच्या त्या हट्टापायी राजवट कोसळली तेव्हा, १९८९ मध्ये, लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत होती. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झिना या शास्त्रज्ञांनी बुखारेस्टमधील संस्थांत राहणाऱ्या १३६ मुलांचा अभ्यास हाती घेतला. त्यांतील निम्म्या मुलांना संगोपन करणाऱ्या कुटुंबांत पाठवण्यात आले, उरलेली मुले पूर्वीच्याच व्यवस्थेत राहिली, आणि पुढे अनेक वर्षे दोन्ही गटांची वाढ तपासली गेली. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि जिव्हाळा निर्माण करण्याची क्षमता सुधारली; साधारण दोन वर्षांची होण्याआधी जी गेली त्यांची तर विशेषच. संस्थेत वाढलेल्या मुलांत एक वृत्ती वारंवार दिसते, ती म्हणजे कोणाही अनोळखी माणसाजवळ निःशंकपणे जाण्याची आणि त्याच्यासोबत चालू लागण्याची. आपल्या घरी पाहुणे आले की दोन-तीन वर्षांचे मूल आईच्या पदराआड लपते आणि आपण त्याला ‘लाजतोस काय, ये की’ म्हणून ओशाळे करतो. वास्तविक ते लाजणे हे मूल धडधाकट असल्याचे लक्षण आहे, कारण आपले माणूस कोण आणि परके कोण, हे त्याला नेमके कळलेले असते. ज्याला ते कळण्याची संधी मिळालेली नाही, ते मूल सगळ्यांचेच हात धरते. पाहुणे त्याला प्रेम समजून छायाचित्रे काढतात आणि पंधरा दिवसांनी विमानात बसतात. असे वर्षातून कितीदा तरी घडते.

गणित शिकवताना मला आणखी एक उणीव जाणवली. पुस्तकात ‘बाबांनी बाजारातून तीन किलो बटाटे आणले’ अशा धर्तीची उदाहरणे असतात. गुणाकार मुले झटकन करत, पण एकदा मी विचारले की तीन किलो बटाटे साधारण किती होतील, तेव्हा बारा वर्षांच्या मुलाने ओंजळ पुढे केली, तर दुसऱ्याने पोते दाखवले. त्यांच्या स्वयंपाकघरात रोज बटाटे शिजत होते, परंतु माल टेम्पोतून मागच्या दाराने येई आणि ताटात वाढला जाई. कोणी घासाघीस करताना, पैसे कमी पडले म्हणून अर्धा किलो परत ठेवताना, उधारी मागताना त्यांनी पाहिलेच नव्हते. आपल्या घरांत मुलांसमोर पैशांवरून वाद होतात याची आपल्याला लाज वाटते. मात्र वाद कसा होतो आणि तो मिटवून त्याच रात्री एका पंक्तीला कसे जेवायचे असते, हे मूल तेथेच शिकते. आजीचे आजारपण, काकांशी झालेला अबोला, बहिणीच्या लग्नाची धावपळ यांतून घर चालते कसे, ते मुलाला कळत जाते. घंटेवर उठणाऱ्या आणि घंटेवर झोपणाऱ्या मुलाला ते अठराव्या वर्षी, संस्थेबाहेर पडल्यावर, एकदम कळावे अशी अपेक्षा आपण ठेवतो.

संस्कृतीची गोष्ट तर याहून अवघड आहे. नेपाळमध्ये दशैं हा वर्षातील सर्वांत मोठा सण. घटस्थापनेला जव पेरतात आणि विजयादशमीला त्याचे पिवळे कोंब, ज्याला ‘जमरा’ म्हणतात, वडीलधारी माणसे लहानांच्या डोक्यावर ठेवतात, दही-तांदूळ-अबीर यांचा ठसठशीत टिळा कपाळावर लावतात आणि आशीर्वाद देतात. आपल्याकडे दसऱ्याला घटातले धान टोपीत खोवतात, त्यामुळे मला हे सारे ओळखीचे वाटले. मात्र तेथे टिळा एका दिवसात उरकत नाही; कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत मूल मामाकडे, आत्याकडे, थोरल्या काकांकडे जात राहते, आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्याला कळते की आपण कोणाचे कोण आहोत. आमच्या बालगृहात संचालकांनी सगळ्या मुलांना रांगेत उभे करून टिळा लावला. कार्यक्रम पाव तासात आटोपला. मग एका परदेशी देणगीदाराने पाठवलेल्या भेटवस्तू वाटल्या गेल्या आणि मुले टीव्हीसमोर बसली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. संचालक दमले होते, इतकेच.

दिवाळीच्या दिवसांत तेथे तिहार असतो आणि आपल्या भाऊबीजेच्याच दिवशी भाईटीका. बहीण भावाभोवती तेलाची धार धरून रिंगण घालते, म्हणजे यमाला ते ओलांडता येऊ नये. उंबऱ्यावर अक्रोड फोडते, कपाळावर सात रंगांचा टिळा लावते आणि कधीही न कोमेजणाऱ्या मखमली फुलांची माळ गळ्यात घालते. माझ्या वर्गातील एका मुलीचा सख्खा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच संस्थेत होता, कारण मुलामुलींची आणि वयोगटांची विभागणी करताना बहीणभाऊ वेगळे पडले होते. दोन्ही संस्थांना सणाच्या दिवशी त्यांची भेट घडवावी असे सुचले नव्हते. ते सुचले स्वयंपाक करणाऱ्या दिदीला. तिने सकाळचा स्वयंपाक पहाटेच उरकला, मुलीला मायक्रोबसमध्ये बसवून भावाकडे नेले, पिशवीत तेल, अक्रोड आणि माळ घेऊन. मुलांना नेमके काय हवे हे त्या संस्थेत सर्वांत चांगले कोणाला कळत असेल तर या बाईंना, कारण त्या वर्षानुवर्षे तेथे होत्या. त्यांचा महिन्याचा पगार मात्र एका पाहुण्याकडून दोन आठवड्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या शुल्कापेक्षा कमी होता. स्वयंसेवेच्या नावाखाली गोळा होणारा पैसा कोठे जातो, हा प्रश्न पालकांनी सहल आयोजकांना विचारलाच पाहिजे.

भाषेचे तर विचारूच नका. नेपाळच्या २०११ च्या जनगणनेत १२३ मातृभाषा नोंदल्या गेल्या. बालगृहात मात्र नेपाळी आणि पाहुण्यांची इंग्रजी एवढ्याच चालत. हुम्लाच्या उत्तर भागातील लोक तिबेटी वळणाची भाषा बोलतात. तेथून एक वडील मुलीला भेटायला आले होते. पाच-सहा वर्षांत त्यांनी तिला पाहिले नव्हते. मुलगी समोर उभी राहिली, त्यांनी काही विचारले आणि तिने आमच्याकडे पाहिले, कारण तिला प्रश्न कळला नव्हता. शेवटी हुम्लाचाच एक मोठा मुलगा दुभाषा झाला. बापलेकीच्या बोलण्यात दुभाषा लागावा, एवढे अंतर त्या ‘चांगल्या शिक्षणाने’ पाडले होते. कागदोपत्री तर ते वडील हयातच नव्हते. त्यांची नोंद ‘पाहुणे’ अशी झाली. याचा फटका पुढे व्यवहारातही बसतो. नेपाळमध्ये सोळाव्या वर्षी नागरिकतेचा दाखला काढावा लागतो, त्यासाठी आईवडिलांची कागदपत्रे लागतात आणि त्या दाखल्यावाचून नोकरी, बँक खाते, वडिलोपार्जित जमीन, सगळेच अडते. आईवडिलांच्या मृत्यूचा खोटा दाखला जोडलेल्या मुलाने ही कागदपत्रे आणायची कोठून?

काही जण म्हणतील की, मुलांना गावी ठेवून काय मिळणार होते? उपासमार, शाळा नाही, डोंगरावरचे कष्ट. हा आक्षेप गंभीर आहे आणि मी तो धुडकावून लावत नाही. हुम्लात भूक खरी होती. पण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की केवळ गरिबी हे मुलाला आईवडिलांपासून वेगळे करण्याचे कारण होऊ शकत नाही. गरिबी असेल तर त्या कुटुंबाला मदत करावी. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, याच आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतील पर्यटन आणि स्वयंसेवेमुळे मुलांचे होणारे नुकसान रोखण्याची सूचना सदस्य देशांना केली. जी संस्था एका मुलामागे शहरात वर्षभर खर्च करते, तिने त्या पैशातून गावच्या शाळेला शिक्षक आणि घराला बियाणे दिले तर मूल घरीच राहील आणि त्याच्या भावंडांनाही उपयोग होईल. मुलांना गावी परत नेऊन कुटुंबांत बसवण्याचे काम करणाऱ्या संस्था नेपाळमध्ये आहेत. ते काम चिकाटीचे आहे, डोंगर चढावे लागतात, त्यात छायाचित्रे काढण्यासारखे फारसे काही नसते, म्हणून ते जाहिरातींत दिसत नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. परदेशी पर्यटकाला पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करण्यास नेपाळमध्ये मनाई आहे, त्यामुळे निदान कागदावर तरी अटकाव आहे. भारतीयांना तेथे जायला व्हिसाच लागत नाही, म्हणून आपल्याला कोणी काही विचारतही नाही. तेव्हा विचारायचे ते आपणच. संस्था पोलिस पडताळणीचा दाखला मागते का? मागत नसेल, तर उद्या तेथे कोणीही येऊ शकतो, हे समजावे. मुलांना घरी परत पाठवण्याचा काही कार्यक्रम आहे का, आणि गेल्या काही वर्षांत किती मुले परत गेली? आपले मूल तेथे जे काम करणार आहे, ते पगार देऊन स्थानिक माणसाकडून का करून घेतले जात नाही? या प्रश्नांनी आयोजक नाराज झाले तर पैसे परत मागावेत.

हे सारे लिहिताना ज्यांना खरोखरच कोणी नाही अशी मुले माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्यासाठी संस्था लागतील आणि त्या चालवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. आपल्या महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, आणि तेथे जन्मलेल्या यशवंतला १८७४ मध्ये दत्तक घेऊन त्याला स्वतःच्या घरात वाढवले. आज मात्र आपण वाढदिवसाला केक घेऊन बालगृहात जातो, मुलांना टाळ्या वाजवायला लावतो आणि त्यांच्यासोबतची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरवतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे, हे किती जणांना ठाऊक असते? परदेशातील पाहुण्यांना नावे ठेवण्यापूर्वी एवढे आपल्या अंगणातही पाहायला हरकत नाही.

कुटुंबाला हात देऊन मूल घरी ठेवण्याचे मार्ग आपल्याकडे आहेत. बीडसारख्या जिल्ह्यांतून आईवडील ऊसतोडीला जातात तेव्हा मुलांना गावातच, आजी-आजोबांजवळ ठेवून शाळेत जेवण देणारी हंगामी वसतिगृहे चालवली जातात. ती नीट चालतात की नाही हे पाहण्यासाठी गावोगाव माणसे हवी आहेत. आईवडिलांपैकी एक वा दोघेही गमावलेल्या, किंवा पालक दुर्धर आजारी वा तुरुंगात असलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे; तीतून मूल ज्या आजीकडे, मावशीकडे किंवा एकट्या आईकडे वाढते, तेथे दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा असतो आणि बालकल्याण समितीच्या आदेशाने तो मंजूर होतो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे प्रमाणपत्र, आजीचे बँक खाते हे सारे जमवता जमवता अनेक आज्या मध्येच थकतात. ज्या विद्यार्थ्यांना सुट्टीत खरोखर मुलांसाठी काही करायचे आहे, त्यांनी आपल्या तालुक्यातील अशा एखाद्या आजीसोबत तलाठी कार्यालयापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतच्या फेऱ्या माराव्यात. माझ्याकडे ज्यांनी चौकशी केली त्यांच्यापैकी एका मुलीला मी हेच सुचवले आहे, आणि महाविद्यालयाने त्याचेही प्रमाणपत्र द्यावे असे पत्र तिच्या प्राचार्यांना पाठवले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा